मृदा कार्डावर ‘सेंद्रिय कर्ब: जास्त’ आलं, म्हणून रान साफ करायचं का? लांज्याची जांभी माती समजून घेऊया



एरवी मी इथे मोबाईल, ॲप आणि नकाशांबद्दल लिहितो. आजही ॲप आणि नकाशा आहेच, पण विषय मातीचा आहे, आणि कारण घरचं आहे.

लांज्याला आमच्या घरामागे उतारावर तीसेक गुंठे रान आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, दोन-चार रायवळ आंबे आणि खाली घोट्यापर्यंत पातेरा. गेल्या मार्चमध्ये काकांनी ठरवलं, की परवानगी काढून झाडं तोडायची, जेसीबीने टप्पे पाडायचे आणि काजू लावायचा. काजूला माझी ना नव्हतीच. पण काकांच्या हातात मृदा आरोग्य पत्रिका होती आणि तिच्यात सेंद्रिय कर्बापुढे ‘जास्त’ असं लिहिलेलं होतं.

“हे बघ, सरकारी कागद आहे. एवढी कसदार जमीन, नि आपण ती नुसती पडीक ठेवलीय,” काका म्हणाले.

कागद खरा होता, आकडाही खरा होता. पण तो आकडा नेमका कशाचा, हे आम्हा दोघांनाही नीट माहीत नव्हतं. ते शोधता शोधता जे कळलं, ते आज सांगतो. कोकणात अशा खाजगी रानांची संख्या मोठी आहे, त्यामुळे हा प्रश्न फक्त आमच्या घरचा नाही.

मृदा कार्ड काय सांगतं, काय सांगत नाही?

ही योजना केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू केली. कार्डावर १२ गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असला तर कमी आणि ०.७५ टक्क्याच्या वर गेला तर जास्त समजतात.

हंगामी पिकांसाठी नमुना घेताना पालापाचोळा बाजूला सारून वरची १५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीतभर माती घेतात. आमचाही नमुना तसाच घेतलेला. म्हणजे कार्डाने आम्हाला फक्त पहिल्या वितीचं सांगितलं. खाली माती किती खोल आहे, कसली आहे, दगड कुठे लागतो, यासाठी कार्डात रकानाच नाही. खत किती घालायचं हे ठरवायला कार्ड उत्तम. जमीन उलथीपालथी करायची की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

मग उपग्रहाच्या नकाशावर बघू की!

मलाही आधी तेच सुचलं. नेदरलँड्समधल्या ‘इस्रिक’ या संस्थेचा ‘सॉइलग्रिड्स’ नावाचा जगभराचा मातीचा नकाशा फुकट बघता येतो. जगातल्या दोन लाखांहून जास्त ठिकाणच्या मातीच्या नोंदी, त्याला पाऊस, उंची, उतार आणि उपग्रहाच्या माहितीची जोड, आणि त्यावर मशीन लर्निंगचं मॉडेल. कुठेही बोट ठेवा, दोन मीटर खोलीपर्यंत सहा थरांचा अंदाज मिळतो.

नीट वाचा, अंदाज मिळतो. या नकाशाचा एक पिक्सेल २५० मीटर लांब आणि २५० मीटर रुंद आहे. हिशोब केला तर ६.२५ हेक्टर, म्हणजे सहाशेहून जास्त गुंठे. आमचं रान त्यात वीस वेळा मावेल! वरचा सडा, मधलं रान आणि खालचा भाताचा मळा, सगळं मिळून एकच आकडा. तालुक्याचं नियोजन करायला असा नकाशा फार कामाचा. घरामागचा उतार मात्र त्याला दिसत नाही.

म्हणजे कार्डाला खोली दिसत नव्हती आणि नकाशाला जागा. उरलं ते फावडं.

आधी थोडं: ही लाल माती होते कशी?

आपल्याकडचा मूळ दगड म्हणजे दख्खनचा काळा कातळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने ऊन, हे लाखो वर्षं चाललं. पावसाच्या पाण्याने दगडातलं चुन्याचं, पालाशचं, मॅग्नेशियमचं अंश आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली. जे विरघळत नाही ते मागे राहिलं: लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. लोह गंजलं, म्हणून रंग लाल. हाच आपला जांभा.

१८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने केरळातल्या अंगाडीपुरमचा असा दगड पाहून त्याला ‘लॅटेराइट’ नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीत ओला असताना कापता येतो आणि हवा लागली की कडक होतो, हे आपल्या चिरेखाणीवरच्या कुणालाही ठाऊक आहे.

आता याच्या अगदी उलट उदाहरण बघा. कॅनडा किंवा स्वीडनच्या जंगलांखाली बऱ्याच ठिकाणी ‘टिल’ असतं. हिमनद्यांनी दगड भरडून, ओढत आणून टाकलेला गोटे, रेती आणि चिखलाचा मिश्र ढीग. शेवटचं हिमयुग सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपलं, त्यामुळे तिथली माती वयाने लहान. तिच्या पोटातले दगड अजून झिजतायत आणि झाडांना थोडं थोडं खनिज मिळत राहतं. आपल्या जांभ्यात झिजण्यासारखं फारसं काही उरलेलंच नाही. मग आमच्या रानातली झाडं जगतात कशावर? उत्तर खड्ड्यात मिळालं.

तीन खड्डे, तीन माती

मी आणि चुलतभावाने दोन रविवार घालवून तीन खड्डे घेतले.

पहिला सड्यावर. चार बोटं माती, की खण्‌कन कातळ.

दुसरा रानात. वर पातेरा. त्याखाली जेमतेम वीतभर काळपट तपकिरी, भुसभुशीत माती, मुळांचं नुसतं जाळं. तिच्याखाली रंग एकदम बदलतो: लालभडक, घट्ट, मुळं तुरळक. अडीच फुटांवर जांभ्याचे खडे लागले, आणखी खाली पहार अडली.

तिसरा मळ्याच्या बांधाला. चार फुटांपर्यंत दगड नाही. रंग करडा, मध्ये तांबूस ठिपके. भाताचं पाणी साचून राहतं, मातीला हवा मिळत नाही, म्हणून लोहाचा लाल रंग जातो. वरून वाहून आलेली मातीही इथेच साठते.

तिन्ही खड्डे हाकेच्या अंतरावर, नकाशावर एकाच पिक्सेलमध्ये!

कार्डावरचा ‘जास्त’ आला होता तो दुसऱ्या खड्ड्यातल्या त्या वीतभर काळ्या थरातून. आणि तो थर केला कुणी? वरच्या झाडांनीच. पातेरा पडतो, कुजतो, त्याचा ह्यूमस होतो आणि झाड तेच अन्न पुन्हा वर ओढतं. जांभ्या मातीतली चिकणमाती मुख्यतः केओलिनाइट जातीची असते. अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची तिची ताकद देशावरच्या काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या मानाने फारच थोडी. त्यामुळे इथे अन्न साठवायचं काम बरंचसं ह्यूमसच करतो. कोकणातल्या रानाची तिजोरी म्हणजे तो वीतभर थर.

मातीचं वर्गीकरण कसं करतात?

मातीशास्त्रज्ञ असाच उभा छेद घेतात आणि थरांना अक्षरं देतात. ओ म्हणजे पातेरा, ए म्हणजे ह्यूमसवाली वरची माती, बी म्हणजे खालची बदललेली माती, सी म्हणजे अर्धवट झिजलेला दगड आणि आर म्हणजे अखंड कातळ.

अमेरिकेची ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’ पद्धत १९७५ साली पुस्तकरूपात आली. आपल्याकडे नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्था हीच पद्धत वापरते. तिच्यात मातीचे १२ मुख्य वर्ग आहेत. जांभ्या पट्ट्यात नेहमी भेटणारे चार असे:

- एन्टिसॉल: थर तयारच न झालेली किंवा अगदी उथळ माती.
- इन्सेप्टिसॉल: थर दिसू लागलेत, पण अजून पक्के नाहीत.
- आल्फिसॉल: चिकणमाती वरून झिरपून खाली जमलेली, पण चुना-मॅग्नेशियमसारखी द्रव्यं बऱ्यापैकी शिल्लक.
- अल्टिसॉल: चिकणमाती तशीच खाली जमलेली, पण ही द्रव्यं जास्त धुऊन गेलेली, म्हणून आम्लधर्मी आणि गरीब.

शेवटच्या दोघांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो. खालच्या थरात ही द्रव्यं ठरलेल्या ३५ टक्क्यांच्या रेषेवर असली तर आल्फिसॉल, खाली असली तर अल्टिसॉल.

नावं अवघड वाटतात, पण ती शेवटाकडून वाचायची. महाराष्ट्रात काळ्या कातळावरच्या उथळ मातीला ‘लिथिक उस्टॉर्थेंट’ म्हणतात. ‘एंट’ म्हणजे एन्टिसॉल, ‘ऑर्थ’ म्हणजे त्यातला सर्वसाधारण प्रकार, ‘उस्ट’ म्हणजे वर्षातला बराच काळ कोरडा पण पिकाच्या दिवसांत ओल असलेला आणि ‘लिथिक’ म्हणजे कातळ जवळ. चार तुकड्यांत जमिनीची कुंडली! कातळाऐवजी जांभ्याचं कडक कवच लागलं, तर त्याला ‘पेट्रोफेरिक’ असा वेगळा शब्द आहे.

एक गोष्ट लक्षात आली का? या पद्धतीत वर्ग ठरतो तो बराचसा खालच्या थरांवरून, कारण वरचा थर नांगराने, आगीने, जेसीबीने सहज बदलतो. कार्ड वरून बघतं, वर्गीकरण खालून. दोन्ही हातात असल्याशिवाय जमीन समजत नाही.

जेसीबी फिरला असता तर?

टप्पे पाडताना वरची माती खाली ढकलली जाते आणि लाल थर उघडा पडतो. पहिल्याच पावसाळ्यात उरलेली काळी माती पऱ्ह्यातून मुचकुंदीकडे निघाली असती. पातेरा थांबला की ह्यूमस भरून येत नाही. लाल थरातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद बांधून ठेवतं, म्हणजे खत घालूनही झाडाला त्यातलं थोडंच मिळतं. तीन-चार वर्षांनी त्याच जागेचं कार्ड काढलं असतं, तर ‘जास्त’ची जागा दुसऱ्याच शब्दाने घेतली असती.

काकांना मी हे सगळं तोंडी सांगितलं नाही. त्यांना खड्ड्यात उतरवलं. त्यांनी हाताने तो काळा थर मोजला, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे माल सगळा वरच्या खणात आहे.”

शेवटी काजू लागला, पण रानाच्या कडेला आधीच मोकळ्या असलेल्या उतारावर. टप्पे न पाडता, झाडागणिक दोन फुटी खड्डा घेऊन. खणताना वरची माती वेगळी ठेवली आणि भरताना शेणखताबरोबर तीच आधी घातली. झाडं ठरवली होती त्यापेक्षा कमी बसली, हे खरं. काका अजून अधूनमधून ते ऐकवतात. पण रान उभं आहे, आणि काजूच्या आळ्यात घालायला पातेराही तिथूनच येतो.

तुम्हाला करून बघायचं असेल तर

१. जमिनीत उंच, मध्य आणि सखल अशा तीन जागा निवडा. पावसाळा संपल्यावर, ओल असताना खणा.

२. खड्ड्याची एक बाजू सरळ तासा, टेप लावून उन्हात फोटो काढा. मोबाईल रंग स्वतःहून बदलतो, म्हणून शेजारी पांढरा कागद ठेवा.

३. रंग, मुळं किंवा कडकपणा कुठे बदलतो ती खोली लिहून ठेवा.

४. प्रत्येक थराची ओली माती बोटांनी चांगली मळा. जांभ्या मातीत लोहामुळे चिकणमातीच्या बारीक गोळ्या झालेल्या असतात, त्या आधी रेतीसारख्या लागतात. एक-दोन मिनिटं मळल्यावर खरा चिकटपणा कळतो.

५. फळबाग लावायची असेल तर ०–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंटिमीटरचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत भरून तपासायला द्या. एकत्र करू नका.

काम झालं की खड्डे बुजवायला विसरू नका. आमच्या एका खड्ड्यात शेजाऱ्यांचं वासरू पडता पडता वाचलं.