घंटेचे बटण अडकले तर?

दाराच्या घंटेचे बटण दाबले की घंटा वाजते, बोट काढले की थांबते. आता समजा, बटण आतच अडकून बसले! दारात कोणी नसतानाही घंटा वाजतच राहील. आपल्या फुप्फुसातील पेशींवरही अशी बटणे असतात, बरे का! 'ईजीएफआर' हे त्यांतील एकाचे नाव. वाढीचा निरोप आणणारे प्रथिन त्याला चिकटले, की पेशीला विभाजनाचा हुकूम मिळतो. या बटणाच्या जनुकात विशिष्ट बदल झाला, तर निरोपावाचूनच हुकूम सुटत राहतो. फुप्फुसाच्या काही कर्करोगांचे मूळ हेच. हा बदल बहुतेक वेळा आईवडिलांकडून आलेला नसतो. पुढे त्या पेशीतच घडतो. कधीच विडी-सिगारेट न ओढलेल्या रुग्णांत तो अधिक आढळतो.

रोग शरीरभर पसरला असेल, तर शस्त्रक्रियेने तो समूळ काढता येत नाही. मग पहिले औषध कोणते? बटणाचे काम बंद पाडणारी गेफिटिनिब ही गोळी होती. पण ती काहींनाच का लागू पडते, हे कोडे होते. २००४ साली हे बदल सापडले आणि कोडे उलगडले. २००९ मध्ये आशियातील एका मोठ्या चाचणीत दिसले, की बदल असलेल्यांना गोळी सरस ठरते आणि नसलेल्यांना नेहमीची केमोथेरपी. म्हणून गाठीचा तुकडा आधी जनुक-तपासणीला पाठवायचा!

गोळीचा गुण मात्र कायम टिकत नाही. बटणात आणखी एखादा बदल होतो आणि गोळी तेथे नीट बसेनाशी होते. मग गोळी थकल्यावर केमोथेरपी द्यावी, की दोन्ही प्रथमपासूनच? पुण्याहून रेल्वेने दादरला उतरलात, तर परळचे टाटा स्मारक रुग्णालय फार लांब नाही. तेथील डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न हाती घेतला. ३५० रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एकाला नुसती गोळी, दुसऱ्याला गोळी आणि शिरेतून केमोथेरपी. रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ मोजला. रुग्ण क्रमाने मांडले, तर मधोमध येणाऱ्याचा हा काळ पहिल्या गटात ८ महिने, दुसऱ्यात १६ महिने!

दुप्पट! मग विचार कसला करायचा? थांबा. तीव्र दुष्परिणाम पहिल्या गटात सुमारे २५ टक्के रुग्णांना झाले, दुसऱ्यात ५१ टक्क्यांना. रक्तपेशी घटतात, वरचेवर रक्त तपासावे लागते, रुग्णालयाच्या खेपा वाढतात. उलट 'केमोथेरपी नंतर पाहू' म्हणावे, तर तोवर काहींची ती सोसण्याची ताकदच उरत नाही.

पुढे ऑसिमर्टिनिब ही नवी गोळी आली. २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले: एकटी गोळी १६.७ महिने, केमोथेरपीसह २५.५ महिने, दुष्परिणाम येथेही जोडीतच अधिक. चाळिशीतील धडधाकट बाईंना डॉक्टर बहुधा जोडी सुचवतील. मूत्रपिंडे थकलेल्या ऐंशीच्या आजोबांना कदाचित नुसती गोळीच देतील.