डब्यात मावला माहुलीगड

आसनगावहून माहुलीगड दिसतो. पळसगड, माहुली आणि भंडारगड अशी त्याची लांबलचक रांग. पायथ्याजवळ जाऊन साध्या मोबाईलवर फोटो काढला तर एखादे टोक बाहेर राहतेच. मुरबाडकडे माळशेजच्या कड्यांचेही तसेच. आणि आमच्या वस्त्यांत काय होते? १४ एप्रिलला विहारासमोर सारे जमतात. अंगण लहान, फोटो काढणाऱ्याला मागे सरकायला जागा नाही. मग कडेच्या आयाबाया आणि त्यांची लेकरे कापली जातात.

सगळ्यांना सामावून घेणारा कॅमेरा घरीच करता येतो. त्याला भिंग लागत नाही, सेल लागत नाही. लागतो एक डबा आणि त्याला सुईच्या टोकाचे छिद्र.

प्रकाश सरळ रेषेत चालतो. डोंगरमाथ्यावरचा प्रकाश छिद्रातून आत शिरून खाली पडतो, पायथ्याचा वर जातो. म्हणून आत उलटे चित्र उमटते. सुमारे २४०० वर्षांपूर्वी चीनमध्ये मोझीच्या परंपरेत याची नोंद झाली. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम यांनी यावर प्रयोग केले. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली आतल्या भिंतीवर पडते. तो चमत्कार नव्हे, हाच नियम.

कागद छिद्राच्या जितका जवळ, तितका देखावा रुंद. दूध पावडरचा सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचा, झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. आतून चकाकी नसलेला काळा रंग द्या. बाजूला मधोमध खिळ्याने मोठे भोक पाडा. थंड पेयाच्या कॅनच्या पत्र्याचा तुकडा घेऊन त्यात बारीक सुईचे टोक हळूच टोचा. छिद्र अर्ध्या मिलिमीटरहून किंचित लहान हवे. कडा पॉलिश पेपरने घासा आणि तो तुकडा भोकावर काळ्या चिकटपट्टीने बसवा. बाहेरून आणखी एक पट्टी लावा. तीच कॅमेऱ्याची झडप.

कृष्णधवल छपाईचा फोटो-कागद आता गावात सहसा मिळत नाही, शहरातून मागवावा लागतो. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली तो छिद्रासमोरच्या भिंतीला वळवून लावा. मसाल्याची बाजू छिद्राकडे. डब्याच्या निम्म्या घेराएवढा कागद ९० अंशांचा देखावा टिपतो. एक हात समोर आणि एक बाजूला धरा, त्या दोन हातांमध्ये दिसते तेवढे सारे! कागद वळलेला असल्याने बाजूंना उजेड कमी पडत नाही. मात्र सरळ भिंती वाकलेल्या दिसतात.

डबा दगडावर घट्ट ठेवा. कडक उन्हात साधारण मिनिटभर पट्टी उघडी ठेवा, सावलीत कित्येक मिनिटे. माणसांना अर्धगोलात उभे करा आणि हलू देऊ नका. जो हलेल तो पुसट होईल. छिद्रातून सूर्याकडे कधीही पाहू नका.

मग लाल दिव्याखालीच कागद डेव्हलपरमध्ये, पाण्यात आणि हायपोत बुडवून भरपूर धुवा. ही रसायने मोठ्या माणसानेच, खिडकी उघडता येईल अशा खोलीत, हातमोजे घालून हाताळावीत. मिळेल ती निगेटिव्ह: पांढरे ते काळे, डावे ते उजवे. तिचा मोबाईलवर फोटो घेऊन रंग आणि बाजू उलटवल्या की खरे चित्र दिसते.

कागद मिळेपर्यंत मुलांनी वेगळा डबा घ्यावा. बुडाला छिद्र पाडून तोंडाला बटर पेपर ताणून बांधावा आणि डोक्यावर चादर घेऊन पाहावे. उलटे घर, उलटे झाड दिसेल आणि नियम कायमचा समजेल.

कुणाला फोटोत घ्यायचे, हे कॅमेरा ज्याच्या हाती तो ठरवतो. आता तो आपल्या मुलामुलींच्या हाती येऊ द्या. पहिला फोटो काढताना नेहमी कडेला राहणाऱ्यांना मधोमध उभे करा.