मंदबुद्धी मुले आणि एकत्र कुटुंब

एकत्र कुटुंबपद्धतीचे गुणवर्णन चालले असता एक गोष्ट हटकून सांगण्यात येते, ती ही की, पूर्वीच्या घरांत निराश्रित आत्या, पोरका भाचा आणि एखादा खुळा काका यांची सोय आपोआप लागत असे. त्यांच्यासाठी आश्रम काढावे लागत नसत. हे म्हणणे अगदीच खोटे नाही. बार्शी-सोलापूर रस्त्यावरील आमच्या वैरागसारख्या गावी ज्यांचे आयुष्य गेले, त्यांस असे काका आठवतील. आडाचे पाणी शेंदावे, गुरे सोडावी, देवपूजेस दुर्वा-बेल आणावा, सुगीत शेंगा फोडीत बसावे, ज्वारी हुरड्यास आली म्हणजे माळ्यावर उभे राहून पाखरे हाकावी, अशी कामे ते निमूटपणे करीत आणि पंक्तीस सर्वांच्या शेवटी बसत. सोय होती खरी. परंतु ती कोणत्या मोलाने होती, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. तो मांडण्याचा आमचा आज विचार आहे.

श्रीमद्भागवताच्या पंचम स्कंधातील जडभरताचे आख्यान वाचकांच्या परिचयाचे आहेच. त्यातील वेदान्त क्षणभर बाजूस ठेवून केवळ गृहस्थितीचे वर्णन म्हणून नववा अध्याय वाचावा, अशी आमची विनंती आहे. बाप मुलास गायत्री शिकवू लागतो. वसंत आणि ग्रीष्म असे चार महिने लोटतात, तरी ती त्यास धड येत नाही. बाप खटपट सोडीत नाही. पुढे बाप वारतो. भाऊ 'हा जड आहे' असे ठरवून शिकविणे बंद करतात आणि त्यास शेताच्या राखणीस लावतात. खावयास काय, तर कण्या, पेंड, कोंडा, किडके धान्य व भांड्याची करपलेली खरवड. भरत हा वस्तुतः ज्ञानी होता, ही गोष्ट वेगळी. भावांनी मात्र त्यास खरोखरीचा जड समजूनच वागविले. आणि जड समजलेल्या भावास एखाद्या विद्वान ब्राह्मणाच्या घरी कसे वागविले जाई, हे त्या कवीने डोळ्यांनी पाहिले असल्याशिवाय इतके तपशीलवार लिहिले असेल, असे आम्हांस वाटत नाही. बाप आहे तोवर शिक्षण, बाप गेला की राखण. ही रीत आजही फारशी पालटलेली नाही.

याच आख्यानाचा आधार घेऊन काही भाविक मंडळी अशा मुलास 'देवाचा माणूस' म्हणतात. तिरस्कारापेक्षा हे बरे, यात शंका नाही. परंतु देव म्हणून नमस्कार केला म्हणजे त्यास सदऱ्याच्या गुंड्या लावावयास शिकविण्याची जबाबदारी उरत नाही, ही त्यातील सोयीस्कर बाजू आमच्या नजरेतून सुटलेली नाही.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर करू. वेडेपणा, मतिमांद्य आणि अध्ययनातील अडचण या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. वेड हा आजार आहे. तो येतो, उपचाराने हटतो किंवा आटोक्यात राहतो. मतिमांद्य हा आजार नव्हे; बुद्धीची वाढच मंद गतीने होणे, ही ती अवस्था असून ती बालपणापासून असते. १९१२ सालच्या इंग्रजी अमदानीतील कायद्याने दोघांस एकाच व्याख्येत कोंबले होते. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने मतिमांद्य हा मानसिक आजार नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. तिसरा प्रकार अध्ययन-अक्षमतेचा. यात बुद्धी चांगली, कित्येकदा तल्लखही असते. पण अक्षरे ओळखणे, जोडाक्षरे लिहिणे किंवा आकडेमोड करणे, यांपैकी एखादी गोष्ट मेंदूस विलक्षण जड जाते. असा मुलगा तोंडी सर्व उत्तरे देतो आणि लेखी परीक्षेत आपटतो. त्यास 'आळशी' म्हणून छडी मारणे म्हणजे चष्मा लागलेल्या मुलास 'नीट बघ' म्हणून मारण्यासारखेच आहे. शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांस जादा वेळ, लेखनिक इत्यादी सवलती मिळतात. त्यासाठी अधिकृत तपासणीचा दाखला मात्र वेळेवर काढावा लागतो.

बुद्धी मोजण्याची कल्पना फ्रान्सातील बीने याने १९०५ साली मांडली. तिचा हेतू मुलांस हिणविणे हा नव्हता; शाळेत कोणास अधिक मदत हवी, हे ओळखणे हा होता. आपल्याकडे धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी त्या कसोट्यांची मराठी व कानडी मुलांसाठी पुनर्रचना केली. साधारणतः सत्तरच्या खाली बुद्ध्यंक आणि त्याबरोबरच नित्यव्यवहारात अडचण, असे दोन्ही असेल तरच मतिमांद्य म्हणतात. केवळ आकड्यावरून नव्हे, हे विसरू नये. आमच्या वर्गात एक मुलगा होता. चौथीपर्यंत त्याची बाराखडी पुरी झाली नाही, परंतु वैरागहून कोणती एस. टी. किती वाजता कोठे सुटते, हे त्यास बिनचूक पाठ असे. स्थानकावर नवखे प्रवासी त्यालाच विचारीत.

कारणांविषयी घराघरांतून जे बोलले जाते, त्यात आईच्या वाट्यास दोष अधिक येतो. ग्रहणात भाजी चिरली, पत्रिका नीट पाहिली नाही, कुलाचार चुकला. यांपैकी कशानेही मूल मंदबुद्धी होत नाही. जन्मतेवेळी गुदमरणे, तान्हेपणीची तीव्र कावीळ, मेंदूचा ज्वर, गरोदरपणी आयोडिनाची उणीव, कंठग्रंथीची जन्मजात मंदता, गुणसूत्रांतील बिघाड, अशी ती कारणे आहेत. डॉ. डाऊन यांनी १८६६ साली वर्णिलेल्या अवस्थेत एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र अधिक असते, हे १९५९ साली सिद्ध झाले. कंठग्रंथीच्या दोषाचे उदाहरण तर जिवास चटका लावणारे आहे. पहिल्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तो ओळखता येतो आणि रोजच्या एका स्वस्त गोळीने मूल इतरांसारखे वाढते. ओळखलाच नाही, तर जन्माचे मांद्य येते.

येथे एका नाजूक विषयास हात घालणे भाग आहे. मामेबहिणीशी विवाह करण्याची चाल आम्हां देशस्थांत आहे. दक्षिणेकडील ही रूढी बौधायनासही ठाऊक होती, एवढी ती जुनी आहे. परंतु जुनी म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. आते-मामे भावंडांच्या रक्तात सुमारे एक अष्टमांश वारसा समान असतो. त्यामुळे एरवी दडून राहणारा दोष दोन्हीकडून येऊन संततीत प्रकट होण्याचा संभव, परक्यांतील विवाहाच्या मानाने, दुपटीच्या आसपास जातो. अशा विवाहांतून झालेली बहुतेक मुले सुदृढच असतात, हेही सांगितले पाहिजे. तथापि ज्या घरात एक मंदबुद्धी मूल झालेले आहे, त्या घराने तरी पुन्हा 'घरचीच मुलगी' करण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. सगोत्राची इतकी काटेकोर चौकशी करणारे आपण, मामाच्या घराकडे पाहताना एवढे निश्चिंत कसे होतो, हे आम्हांस आजवर उमगलेले नाही.

शिक्षणाविषयी दोन गोष्टी सांगतो. पंचतंत्र हा ग्रंथ अमरशक्ती राजाच्या तीन अत्यंत मंदबुद्धी पुत्रांसाठी रचला, असे त्याच्या प्रस्तावनेत आहे. विष्णुशर्म्याने सहा महिन्यांची प्रतिज्ञा केली आणि व्याकरणाची पोथी न उघडता गोष्टी सांगावयास आरंभ केला. म्हणजे शिष्य पालटला नाही, पद्धती पालटली. दुसरी गोष्ट रोम शहरातील. डॉ. मारिया माँटेसोरी या प्रथम मंदबुद्धी मुलांस शिकवीत होत्या; इटार आणि सेगां या फ्रेंच वैद्यांच्या मार्गाने साधने हाताळावयास देऊन त्यांनी त्या मुलांस लिहावाचावयास शिकविले. त्यानंतर १९०७ साली त्यांनी तीच रीत सामान्य मुलांसाठी वापरली. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी ती आपल्याकडे रुजविली. आपली नातवंडे ज्या बालवाडीत ठोकळे रचतात, तेथील विद्या मूळची या 'जड' मुलांच्या वर्गातून आलेली आहे.

घरी शिकविताना काम लहान तुकड्यांत फोडावे. सदरा घालणे हे एक काम नव्हे, दहा आहेत. पहिली नऊ आपण करावी आणि शेवटची गुंडी त्यास लावू द्यावी. ती जमली की शेवटच्या दोन. काम पुरे केल्याचे समाधान त्यास पहिल्या दिवसापासून मिळते, ही यातील मेख आहे. एकत्र कुटुंबाचा येथे लाभ आहे तसा अपायही आहे. शिकविणारे हात पुष्कळ असतात. पण आई म्हणते 'स्वतः जेव', आजी म्हणते 'राहू दे, मी भरवते', काका म्हणतात 'याला बाहेर आणू नका, पाहुणे आलेत'. दहा जणांच्या दहा आज्ञांत त्या मुलाचा जीव गोंधळून जातो. सर्वांनी एका कामास एकच शब्द वापरावा, एवढा नियम पाळला तरी सहा महिन्यांत फरक दिसतो. कित्येकांस फेपऱ्याचे झटके येतात. त्या वेळी कांदा किंवा वहाण हुंगविण्यात वेळ न दवडता कुशीवर निजवावे, तोंडात काही कोंबू नये आणि औषध नियमित द्यावे.

मुलगी वयात येते, तेव्हा घरे फार घाबरतात. १९९४ साली शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली आणि स्त्री-संघटनांनी त्याविरुद्ध मोठा आवाज उठविला, हे अनेकांस स्मरत असेल. 'तिला पाळीची स्वच्छता कळत नाही' हे त्याचे समर्थन होते. ती शिकविता येते, हे अशा मुलींच्या अनेक मातांनी करून दाखविले आहे. आणि मुलगी असुरक्षित असेल, तर दोष तिच्या शरीराचा नसून तिच्यावर नजर ठेवणाऱ्याचा आहे. गर्भाशय काढल्याने ती नजर कोठे जाते? मुलाच्या बाबतीत 'लग्न केले म्हणजे सुधारेल' हा दुसरा अघोरी उपाय. गरिबाघरची सून आणून तिला आयुष्यभराची दाई करावयाची, याला संस्कार म्हणणे आमच्याने होत नाही.

संस्था निघाल्या त्या बहुधा पोळलेल्या आईबापांनीच काढल्या. मुंबईत होरमसजी व जय वकील या दांपत्याने आपल्या कन्येसाठी १९४४ साली घरातच वर्ग उघडला. त्याची आज मोठी संस्था झाली आहे. पुण्यास सिंधूताई जोशी यांनी १९६४ साली 'कामायनी' स्थापिली, नाशकास रजनीताई लिमये यांनी १९७७ साली 'प्रबोधिनी'. त्यांची कीर्ती आम्ही गाऊ तेवढी थोडीच. परंतु पुणे-नाशिक वैरागपासून दूर आहे, आणि खेड्यातील मुलास रोज तेथे पोचविणे अशक्य आहे. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मान्य करून, चाळीस टक्के व त्यावरील दिव्यांगत्व असलेल्या मुलांस सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यास जवळची शाळा नाकारू शकत नाही, हे आमच्या व्यवसायबंधूंनीही ध्यानी ठेवावे.

आता मूळ हिशेबाकडे येतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायात जडास दायभागातून वगळले आहे. मात्र त्यास जन्मभर अन्नवस्त्र देणे बंधनकारक केले असून न देणारा पतित होय, असे मनूने बजाविले आहे. आमच्या सोलापूरच्या शेजारच्याच कल्याणी नगरीत मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर आणखी एक पाऊल पुढे गेला : वाटणीनंतर औषधाने दोष गेला, तर भाग द्यावा. तरीही जन्मतःच जड असलेल्याचा भाग गेलाच. १९२८ च्या कायद्याने इतर व्यंगांची अपात्रता काढली, पण जन्मजात जडाची ठेविली. १९५६ च्या वारसा कायद्याच्या २८ व्या कलमाने तीही गेली. आता रोग, व्यंग वा दोष या कारणास्तव कोणाचाही वारसा हिरावता येत नाही.

कायदा पालटला, पण घरे पालटली का? धर्मशास्त्राने भाग काढून घेतला आणि पोषण दिले. आज आम्ही जे पाहतो त्यात दोन्ही नाहीसे होऊ लागले आहे. आडाच्या जागी नळ आला, गोठा मोडला, राखणीचे माळे गेले. खुळ्या काकांचे कामच संपले. भाऊ पुण्यास, मुंबईस, कोणी परदेशी. जमिनीस भाव आला, तशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडीच्या कागदावर ज्याला कागद म्हणजे काय हे कळत नाही अशा भावाचा अंगठा उठविला जातो. १८७२ च्या करार कायद्याने व्यवहाराचा अर्थ समजण्याची कुवत नसलेल्याचा करार मुळातच टिकत नाही. पण हरकत घ्यावयास आई असावी लागते, आणि ती तर सत्तरीला आलेली असते. 'आमच्या पाठीमागे याचे कसे?' हा प्रश्न आम्ही कितीतरी मातांच्या तोंडून ऐकला आहे. त्याचे उत्तर 'देव आहे' असे देऊन त्यांस घरी धाडणे बरे नव्हे, कारण उत्तराचा काही भाग तरी सोलापुरातच आहे.

पाल्य अठरा वर्षांचा झाला की कायद्याने तो प्रौढ; आईबापही त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये मतिमांद्य, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. अर्ज आईबापांनी हयात असतानाच करावा. नेमलेल्या पालकास सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी समितीस सादर करावी लागते आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत जमाखर्च दाखवावा लागतो. आपल्या सर्व मुलांत ज्याच्या हाती हा जमाखर्च देण्यास आईचे मन कचरत नाही, त्याचेच नाव तिने अर्जात घालावे. मग तो थोरला असो वा धाकटा, मुलगा असो वा मुलगी.