जामिनावरचे बिऱ्हाड

हाँगकाँगमधल्या वाहनतळांवर पैसे भरण्याच्या खिडकीपाशी आजही ‘श्रॉफ’ अशी पाटी दिसते, आणि चिनी कंपनीत नोकरीस राहिलेला परदेशी इसम, नेमणूकपत्रापासून रजेच्या दाखल्यापर्यंत प्रत्येक कागदावर उठणाऱ्या त्या गोल तांबड्या शिक्क्यास बोलताना ‘चॉप’ म्हणतो. पहिला शब्द म्हणजे आपल्या पेठांतला सराफ. दुसरा म्हणजे छाप, मलायी बंदरे हिंडून तिकडे पोचलेली. चिनी अंमलदाराला युरोपीय लोक ‘मँडरिन’ म्हणत, त्यातही आपला ‘मंत्री’ मलायी आणि पोर्तुगीज वेष पालटून बसलेला आहे. या शब्दांचा माग काढीत गेले, की आपण कॅन्टनच्या, म्हणजे आजच्या ग्वांगजौच्या, तेरा वखारींच्या दाराशी येऊन उभे राहतो.

चिएनलुंग बादशहाच्या १७५७ च्या फर्मानाने पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार या एकाच बंदरात कोंडला, आणि १८४२ च्या तहापर्यंतची पंचाऐंशी वर्षे परदेशी व्यापाऱ्याचा सारा चीन म्हणजे मोती नदीच्या काठची, शहराच्या तटाबाहेरची, हजारएक फूट लांबीची पट्टी, एवढाच होता. तळमजल्यावर कोठारे, कारकुनांची बैठक आणि लोखंडी दाराचा दगडी खजिना. वर जेवणाचे दालन. त्याच्याही वर निजण्याच्या खोल्या. हंगाम सरला, गलबते चहा भरून निघाली, की कॅन्टन सोडून मकावला जाऊन राहायचे. बायकांना वखारीत मज्जाव. १८३० साली हॅरिएट लो ही अमेरिकन तरुणी चुलतीसह तेथे आली, तेव्हा यजमान पेढीचा व्यापारच बंद करण्याची तंबी मिळाली आणि तिला परतावे लागले. शस्त्र बाळगणे मना, पालखीत बसणे मना. महिन्याच्या ८, १८ आणि २८ तारखांना मात्र लहान टोळी करून, दुभाष्याच्या देखरेखीखाली, पैलतीरावरच्या फुलबागा पाहून येण्याची मुभा होती. हे नियम सदैव काटेकोर पाळले जात असे नाही; पण ते कधी आठवायचे, हे अंमलदाराच्या मर्जीवर असे, आणि माझ्या मते नियमांची खरी धार त्यातच होती.

या व्यवस्थेची मेख जामिनात होती. प्रत्येक गलबतास ‘हाँग’ व्यापाऱ्यांपैकी, म्हणजे परकी व्यापाराची मक्तेदारी असलेल्या चिनी व्यापाऱ्यांपैकी, एकजण जामीन राही, आणि त्या गलबताची जकातच नव्हे, तर त्यावरच्या खलाशाने दारूच्या नशेत केलेला दंगादेखील त्याच्या शिरावर पडे. दुभाषा कचेरीचे कागद आणी-नेई. परकी भाषा त्याला बेताचीच येई, काम भागे ते बाजारी इंग्रजीवर. घरचा कारभार ‘कॉम्प्रादोर’कडे: नोकरचाकर, बाजारहाट, खजिन्याच्या किल्ल्या, सारे त्याच्या हाती. परदेशी माणूस स्वतःच्या नावाने जवळजवळ काहीच करू शकत नसे. १७५९ मध्ये जेम्स फ्लिंट नावाच्या इंग्रजाने या वाटेला बगल देऊन थेट तिएन्त्सिनला जाऊन बादशहाकडे अर्ज गुदरला, तेव्हा त्याला मकावात तीन वर्षांची कैद झाली. आणि तो अर्ज चिनी लिपीत लिहून देणाऱ्याचे शिर उडवण्यात आले. परक्याच्या अपराधाची जबर किंमत कोणी मोजायची, हे त्या निवाड्याने पुरते स्पष्ट केले. (आजही चीनमध्ये हॉटेलात न उतरता कोणाच्या घरी राहणाऱ्या परदेशी पाहुण्याची नोंद चोवीस तासांच्या आत पोलीसचौकीत व्हावी लागते, आणि कामाचा परवाना नेमणूक करणाऱ्या संस्थेशी बांधलेला असतो, शिर कोणाचे जात नाही, पण जामिनाची कल्पना पुरती गेलेली नाही.)

मुंबईकर मंडळी राहत त्या वखारीस ‘चौचौ’, म्हणजे सरमिसळ, असे नाव होते. तेथे पारशी, मुसलमान व इतर हिंदी व्यापारी एकत्र नांदत. पारशांच्या पांढऱ्या पागोट्यांवरून चिनी लोक त्यांना ‘पांढरी डोकी’ म्हणत. त्यांच्या मालापैकी कापूस उघड होता आणि अफू उघड गुपित; ती माळव्यात पिके, बंदी असूनही चीनच्या किनाऱ्यावर उतरे, आणि तिच्या बदल्यात रुपे येई.

ते रुपे हातात घेऊन पाहण्याजोगे आहे. स्पेनच्या राजाचे मुख असलेला डॉलर कॅन्टनला नाणे म्हणून नव्हे, धातू म्हणून चाले. एक डॉलर म्हणजे ०.७२ तोळे, अर्थात चिनी तोळे, ज्यास तेथे ‘टेल’ म्हणत. सराफ तो बोटांवर तोलून, वाजवून पाही आणि खरा ठरला की पोलादी ठशाने त्यावर आपली खूण ठोकी. पुढच्या पेढीचा सराफ आपली ठोकी, त्यापुढचा आपली; असे करता करता राजाचे नाक जाई, कपाळ जाई, नाणे वाटीसारखे खोलगट होई आणि अखेर त्याचे तुकडे पडत, जे पुन्हा तराजूत घालून चालवले जात. राजाच्या तोंडावर कोणाचा विश्वास नव्हता. विश्वास होता तो जामीन राहणाऱ्या सराफाच्या छापेवर.

जमशेटजी जिजीभाई या बाजाराचे अव्वल विद्यार्थी. जन्म १७८३ चा, चीनची पहिली सफर १७९९ ची, आणि सफरी एकूण पाच. १८०५ च्या सफरीत त्यांचे ‘ब्रन्सविक’ हे जहाज फ्रेंचांनी धरले. त्याच जहाजावरचा विल्यम जार्डीन नावाचा शल्यवैद्य पुढे त्यांचा व्यापारातला जिवलग झाला. मुंबईच्या इस्पितळाला आणि कलाशाळेला ज्यांचे नाव आहे, त्यांच्या संपत्तीत अफूचा वाटा मोठा होता, हे लिहिताना आपली लेखणी उगीच अडखळते. अडखळण्याचे कारण नाही, दानही खरे होते आणि अफूही.

हीच अफू मोडून काढण्यासाठी मार्च १८३९ मध्ये बादशाही आयुक्त लिन त्सशू याने वखारींना वेढा घालून सर्व चिनी नोकर काढून घेतले. साडेतीनशेच्या आसपास परदेशी माणसे सुमारे सहा आठवडे आत अडकली, आणि ज्यांनी आयुष्यात चुलीसमोर पाऊल ठेवले नव्हते असे लक्षाधीश भात करपवू लागले, अंडी दगडासारखी उकडू लागले. अफूच्या २०,२८३ पेट्या हवाली झाल्या आणि जूनमध्ये हुमेनला चुन्याच्या खड्ड्यांत घालून नष्ट करण्यात आल्या. पुढचे युद्ध सर्वश्रुत आहे. ज्यावर १८४२ चा तो नानकिंगचा तह झाला ती ‘कॉर्नवॉलिस’ नौका मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१३ मध्ये सागवानात बांधलेली होती.

तहाने पाच बंदरे खुली झाली, हाँग व्यापाऱ्यांची मक्तेदारी गेली. १८५६ मध्ये वखारी शेवटच्या जळाल्या, त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. पारशी मंडळींचे मागे उरले आहे ते ग्वांगजौजवळच्या चांगजौ बेटावरचे, १८४७ पासूनचे दफनस्थान. परदेशात दखमा, म्हणजे प्रेते ठेवण्याचा मनोरा, कोठून आणायचा? मृतदेहाचा स्पर्श भूमीला होऊ नये असा ज्यांचा आचार, त्यांनी टेकडीच्या उतारावर ग्रॅनाइटच्या जड शिळा बसवून घेतल्या, आणि तेथील लोक तिला आजही पारशांची टेकडी म्हणतात.