पावणेचार अँपिअरच्या भरवशावर

४०० केव्हीच्या उपकेंद्रातलं ३१५ एमव्हीएचं रोहित्र पूर्ण भाराने चालतं, तेव्हा ४०० केव्ही बाजूने ४५५ अँपिअर आत शिरतात आणि २२० केव्ही बाजूने ८२७ बाहेर पडतात. डिफरन्शिअल रिले या दोन आकड्यांचा सतत ताळा करत बसतो. गुणोत्तर लावूनही ताळा जमला नाही, तर प्रवाह मधेच कुठेतरी मुरतोय, म्हणजे फॉल्ट रोहित्राच्या पोटात आहे. कल्पना १९०४ ची, मर्झ आणि प्राइस या इंग्लंडातल्या जोडगोळीची.

गोम अशी की ताळा तंतोतंत कधीच जमत नाही. टॅप चेंजर टोकाला गेला की १० टक्के फरक तिथेच पडतो. शिवाय प्रवाह मोजणारे दोन बाजूंचे सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) सारख्याच प्रमाणात चुकतील याची हमी नाही. रोजच्या भारावर हे खपून जातं. पण बाहेरच्या लाइनवर शॉर्ट झाला तर? रोहित्राचा इंपिडन्स १२.५ टक्के धरला, तर त्यातून पूर्ण भाराच्या ८ पट, म्हणजे ३,६४० अँपिअर धावू शकतात. त्यावर १० टक्के चूक म्हणजे ३६४ अँपिअरचा खोटा फरक. रिले मात्र पूर्ण भाराच्या २० टक्क्यांवर, ९१ अँपिअरवर, लावलेला. आत काहीही बिघडलेलं नसताना चौपट सबळ पुरावा! म्हणून रिलेने नुसता फरक बघायचा नाही. वाहत्या प्रवाहाच्या किती टक्के फरक आहे, ते बघायचं. वाहता प्रवाह हा रिस्ट्रेंट, ती टक्केवारी हा स्लोप. स्लोप ३० टक्के असेल तर ते ३६४ अँपिअर माफ.

आता हे तपासायचं कसं? ३,६४० अँपिअर मुद्दाम कोण सोडणार? उपकेंद्रात करतात ते असं: २२० केव्ही बाजू शॉर्ट करायची आणि ४०० केव्हीच्या बुशिंगना साधा ४१५ व्होल्टचा थ्री-फेज सप्लाय द्यायचा. रेटेड दाबाचा जेमतेम ९६४ वा हिस्सा. रोहित्रातून वाहतात पावणेचार अँपिअर, आणि १,०००/१ च्या सीटीतून रिलेपाशी पोचतात ३.८ मिलिअँपिअर, दुसऱ्या बाजूने ६.९. एवढ्याशा आकड्यांवरून वायरिंग बरोबर आहे का ते ठरवायचं: गुणोत्तर लावल्यावर फरक जवळपास शून्य दिसला पाहिजे. मग एका सीटीची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करायची. फरक वाढलाच पाहिजे. नाही वाढला, तर आधीचा शून्य फसवा होता.

स्लोपसाठी मात्र इंजेक्शन किट लागतं. दोन्ही बाजूंना रेटेडइतका प्रवाह द्यायचा आणि एक बाजू हळूहळू उतरवायची. सेटिंग शीटवर ३० टक्के लिहिलंय, तर रिले कुठे ट्रिप होईल? सरळ ३० टक्के उतरवल्यावर, ०.७० ला, असं वाटतं. रिस्ट्रेंट म्हणजे दोनांतला मोठा प्रवाह असेल, तर ते बरोबरच आहे. दोन्हींची सरासरी असेल, तर उत्तर ०.७४. दोन्हींची बेरीज असेल, तर ०.५४! तिन्ही व्याख्यांचे रिले बाजारात आहेत. ०.५४ ला ट्रिप होणाऱ्या रिलेकडून ०.७४ ची अपेक्षा धरली, की चांगला रिले नापास होतो. आणि कुणी अतिउत्साहाने त्याचा स्लोप कमी करून ठेवला, तर पुढच्या बाहेरच्या फॉल्टला निरोगी रोहित्र बंद पडू शकतं. मॅन्युअलमधलं ते एक समीकरण न वाचता किट जोडणं हे माझ्या मते निष्काळजीपणाच.

आणि जिथे स्लोपचंही काही चालत नाही, अशी एक वेळ येते. रिकामं रोहित्र चार्ज करताना प्रवाह एकाच बाजूने येतो, कधी रेटेडच्या ८-१० पट. म्हणजे सगळा प्रवाहच फरक! तिथे रिले १०० हर्ट्झचा, म्हणजे दुसऱ्या हार्मोनिकचा, अंश मोजतो; तो जास्त निघाला तर हा फॉल्ट नव्हे असं धरून थांबतो. सेटिंग १५ टक्के असेल, तर किटमधून ५० हर्ट्झमध्ये १०० हर्ट्झ मिसळून दोन्ही कडा तपासतात: १४ टक्क्यांना रिलेने ट्रिप द्यायचा, १६ टक्क्यांना अडवून धरायचा. खऱ्या फॉल्टला निकाल लावायला त्याच्याकडे वेळ असतो २० ते ३० मिलिसेकंद.