सूर्य एका फटीतून

हिवरे बाजारला सकाळी लवकरच छोटी दुर्बीण मांडतो. ऊन चढलं की तापल्या जमिनीवरची हवा लहरते आणि सूर्याची कड थरथरू लागते.

दुर्बिणीमागे घरी जुळवलेला स्पेक्ट्रोहेलिओग्राफ आहे. फ्रान्सच्या क्रिस्तियाँ ब्युइल यांनी खुला केलेला हा 'सोलएक्स' आराखडा. भाग थ्रीडी प्रिंटरवर छापायचे. जेमतेम १० मायक्रॉन रुंद फटीतून सूर्याची एक पट्टी आत येते, मिलिमीटरला २४०० रेघांची जाळी तिचा वर्णपट पसरते. दुर्बीण स्थिर ठेवायची. पृथ्वीच्या फिरण्यानं सूर्यबिंब साधारण दोन मिनिटांत फटीवरून सरकतं. व्हिडिओच्या प्रत्येक चौकटीतली ६५६.३ नॅनोमीटरची हायड्रोजन रेषा वेचून संगणक पट्ट्या शेजारी शेजारी जोडतो, आणि कडेवरच्या ज्वाला उभ्या राहतात! डोळा मात्र दुर्बिणीला कधीही लावू नका. सगळं कॅमेराच पाहतो.

सूर्याचा वर्णपट आपल्या भागाला नवा नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणात पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला वर्णपटाची उपकरणं घेऊन जेऊरला तळ ठोकून होते. जेऊर म्हणजे करमाळ्याचं, आपल्या नगर तालुक्यातलं नव्हे. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच आले होते.