बांधीतली नोंद आणि तिची पोच

वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे वैनगंगेकाठचे रेल्वेचे गाव. इथून जंगलाच्या अंगाला जावे, तर भोवती धानाच्या बांध्या आणि खिशातला मोबाईल कित्येकदा मुका! मग पिकाची नोंद व्हावी कशी?

पूर्वी ती तलाठी लिहीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ आली आणि हे काम शेतकऱ्याच्या हाती आले. बांधीत उभे राहून छायाचित्र घ्यायचे. जागेचे अक्षांश-रेखांश फोनच टिपतो. रेंज नसली तरी नोंद फोनच्या पोटात राहते. रेंजमध्ये आल्यावर ती सरकारी संगणकाकडे रवाना करायची.

परंतु वाचकहो, फोनात आहे ते सातबाऱ्यावर चढलेच असे नव्हे! रजिस्टर पत्राची पोच येईतो शहाणा माणूस पावती फाडीत नाही. चांगले ॲपही पलीकडची पोच मिळेपर्यंत आपली प्रत पुसत नाही. आणि एकच नोंद दोनदा मांडली जाऊ नये म्हणून प्रत्येकीला निराळा क्रमांक देते. शहरातल्या आपल्या फोनांचेही शास्त्र हेच.

मात्र पोच येण्याआधीच फोन हरवला, तर नोंदही गेली. आणि आधारभूत किमतीने धान विकायचे, तर सातबाऱ्यावर ते दिसायलाच हवे. तेव्हा रेंज लागताच नोंद पाठवावी, आणि ती पोचल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच निश्चिंत व्हावे.